जहाज की रिसॉर्ट? पैसे भरण्याआधी मांडायचा हिशोब

मुंबईतून तीन-चार दिवस बाहेर पडायचं ठरलं की हल्ली घरात दोन नावं निघतात: क्रूझ, नाहीतर सगळं एकाच पैशांत देणारं रिसॉर्ट. दोन्हींच्या जाहिरातीत राहणं, जेवण आणि करमणूक एकाच आकड्यात बसवलेली असते. लोक ते दोन आकडे शेजारी ठेवतात आणि कमी असेल त्यावर बोट ठेवतात. पण जहाजाच्या ‘सगळ्या’त जे येतं ते रिसॉर्टच्या ‘सगळ्या’त येतंच असं नाही, आणि जे येत नाही त्याचं बिल शेवटच्या सकाळी समोर येतं. ते बिल आधीच कसं मांडायचं, आणि दोहोंपैकी आपल्या घराला काय मानवेल हे कसं ठरवायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

आधी महिना, मग बाकी सगळं

मुंबईतून सुटणाऱ्या क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो आणि जहाजं दुसरीकडे हलतात. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होड्या पुन्हा समुद्रात जातात, पण क्रूझवर हौशी प्रवासी असल्यामुळे ती आणखी महिना-दोन महिने थांबते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरावेत, तेव्हा गोव्यापर्यंतचं पाणी सर्वांत शांत असतं. मे महिन्याच्या मध्यानंतरचं बुकिंग विचार करूनच घ्या. २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं ते मेच्या मध्यालाच.

रिसॉर्टचं गणित उलटं. लोणावळा, कर्जत, इगतपुरी इथे पावसाळा हाच खरा मोसम. शनिवार-रविवारी दर चढतात, सोमवार ते गुरुवार उतरतात. मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल कोरडं आणि महाग, मे ते ऑक्टोबर पावसाचं आणि स्वस्त. म्हणजे सुट्टी जून ते सप्टेंबरमध्येच मिळणार असेल, तर मुंबईच्या जहाजाचा विचार तिथेच सोडा. समुद्रच हवा असेल तर सिंगापूरहून बारा महिने जहाजं सुटतात.

कोण कोण येणार आहे?

किंमत बघण्याआधी माणसं मोजा, वयासकट.

सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक क्रूझ कंपन्या घेत नाहीत. सलग बरेच दिवस समुद्रात असणाऱ्या लांबच्या सफरींना ही अट एक वर्षाची होते. गरोदरपणाचा चोविसावा आठवडा सफरीत कधीही लागणार असेल तर प्रवेश नाकारला जातो, आणि त्याआधीही डॉक्टरांचं पत्र मागतात. हे बंदरावर कळलं तर पैसे परत मिळत नाहीत. लंगोट लावणाऱ्या मुलाला अनेक जहाजांच्या तलावात उतरू देत नाहीत, अगदी पोहण्याचा खास लंगोट असला तरी. पाण्यासाठी हट्ट धरणारं दोन वर्षांचं मूल असेल तर रिसॉर्टच बरं.

रिसॉर्टमध्येही एक खाच आहे. मालदीवमधली पाण्यावरची खोली फोटोत सुंदर दिसते, पण तिच्या अंगणातून पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. बऱ्याच ठिकाणी लहान मुलांना ती देतच नाहीत, काही ठिकाणी पालकांकडून जबाबदारीच्या कागदावर सही घेतात. मुलं असतील तर वाळूवरची खोली घ्या. ती स्वस्तही असते.

आजी-आजोबांसाठी जहाज लोकांना वाटतं त्यापेक्षा सोयीचं आहे. लिफ्ट असते, जेवण दोन मजल्यांवर, संध्याकाळचा कार्यक्रम आतच, आणि रोज सामान बांधायचं नाही. अडचण येते ती जहाज धक्क्याला न लागता खोल पाण्यात उभं राहतं तिथे. लक्षद्वीपमध्ये अगत्तीला छोट्या बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं. हलत्या जहाजातून हलत्या बोटीत पाऊल टाकायचं असतं, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जड जातं. अशी सफर घेताना घरातलं कोणी त्या दिवशी जहाजावरच थांबेल हे आधीच ठरवून ठेवा. चाकाची खुर्ची आत फिरेल अशा केबिन मोजक्याच असतात, तेव्हा ते बुकिंगच्या वेळीच सांगा.

आणि ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोटही लागू शकते. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. जहाज सुटण्याच्या तास-दोन तास आधी पोटात हवी. ॲव्होमिनसारख्या गोळीने झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आलेपाकाची डबी जवळ असू द्या. रिकाम्या पोटी राहू नका. त्रास सुरू झालाच तर केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत बसा, म्हणजे कानाला जाणवणारी हालचाल डोळ्यांनाही दिसते आणि मळमळ उतरते.

रात्री मोजू नका, तास मोजा

‘दोन रात्री, तीन दिवस’ ही भाषा दोन्हीकडे सारखी असते, पण हातात येणारे तास सारखे नसतात. जहाज शुक्रवारी संध्याकाळी पाचला सुटलं आणि रविवारी सकाळी नऊला उतरलात, तर चाळीस तास झाले. त्यातले सोळा झोपेचे. उरलेल्या चोवीस तासांत गोव्याला उतरायला वेळ मिळतो तो पाच-सात तासांचा. रिसॉर्टमध्ये दुपारी दोनला खोली मिळते आणि तिसऱ्या दिवशी अकराला सोडायची, म्हणजे पंचेचाळीस तास. पण त्यात शुक्रवारी लोणावळ्याच्या वाटेवरचे आणि रविवारी संध्याकाळी परतीच्या रांगेतले तास धरलेले नाहीत.

आमच्या मते दोन रात्रींची क्रूझ पहिल्यांदा जाणाऱ्याला अपुरी पडते. पहिली संध्याकाळ जहाज ओळखण्यात जाते, शेवटची सामान आवरण्यात. तीन रात्री घ्या, त्यात एक पूर्ण दिवस समुद्रातला असू द्या. जहाज कसलं आहे ते त्या दिवशी कळतं. दोनच रात्री हातात असतील तर कर्जत किंवा अलिबाग गाठा.

हिशोबाचा कागद

एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जहाज, उजवीकडे रिसॉर्ट.

जहाजाचा दर माणशी असतो, आणि तोही एका केबिनमध्ये दोघं धरून. तिसऱ्या-चौथ्या माणसाला बऱ्याचदा कमी दर लागतो, कारण त्यांना भिंतीतून किंवा छतातून उघडणारी फळी मिळते. एकटं जाणाऱ्याला मात्र दोघांच्या भाड्याच्या जवळपास भरावं लागतं. रिसॉर्टचा दर खोलीमागे असतो, वर जादा गादीचे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे पैसे वेगळे. म्हणून दोन्ही आकडे आधी ‘आपल्या सगळ्यांचे मिळून’ असे करून घ्या.

मग डाव्या बाजूला भर घाला: बंदर शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी. परदेशी जहाजांवर सेवाशुल्क माणशी रोज सुमारे १६ ते २० डॉलर असतं आणि ते मुलांनाही लागतं. चौघांचं कुटुंब, चार रात्री, १८ डॉलर धरले तर २८८ डॉलर झाले. जाहिरातीत हा आकडा नसतो. त्याखाली मद्य, थंड पेयं, खास रेस्टॉरंट, वायफाय आणि बंदरावरची सहल लिहा. भाड्यात येतं ते मुख्य भोजनगृह, बुफे, साधं पाणी-चहा, नाटक-गाणी, तलाव आणि बहुतेक ठिकाणी मुलांचा क्लब. मद्याचं पॅकेज घ्यायचं असेल तर एक नियम विचारून घ्या: अनेक कंपन्या एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना ते घ्यायला लावतात. नवरा पितो, बायको पीत नाही, अशा घराला ते परवडत नाही. लागेल तसं विकत घेणं स्वस्त पडतं.

उजवीकडे आपल्याकडच्या रिसॉर्टसाठी आधी योजना कुठली ते बघा. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. महाराष्ट्रात ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ म्हणून विकलं जातं ते बहुतेक वेळा एपीच असतं. संध्याकाळची भजी, बाटलीबंद पाणी, घोडा, झिपलाइन यांचे पैसे वेगळे. फोनवर ‘जेवण आहे ना?’ असं न विचारता ‘दुपारी चार ते सहा काय मिळतं आणि त्याचे पैसे कोण देतं?’ असं विचारा. उत्तर लगेच स्पष्ट होतं.

करातही एक पायरी आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीला १८ टक्के. म्हणजे ७,४०० रुपयांची खोली ७,७७० रुपयांना पडते आणि ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. दर या सीमेच्या आसपास असेल तर दिवस बदलून बघा, किंवा एक श्रेणी खालची खोली विचारा.

मालदीवच्या दरापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर थांबा. त्यांचा अर्थ १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर पर्यटन जीएसटी, जो जुलै २०२५पासून १७ टक्के आहे. दुसरा कर पहिल्यासकट रकमेवर लागतो, म्हणून वाढ २७ टक्के न होता २८.७ टक्के होते: २,००० डॉलरचे २,५७४. वर रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर हरित कर. चौघं, चार रात्री, १९२ डॉलर. दोन वर्षांखालच्या मुलाला तो नाही. आणि अजून बेटावर पोचणं बाकी आहे! मालेहून स्पीडबोट जवळच्या बेटांना जाते, लांबच्यांना सी-प्लेन, आणि सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. मुंबईहून विमान दुपारी उशिरा पोचलं तर रात्र मालेत, स्वखर्चाने. म्हणून आधी बेट आणि तिथे जायचं साधन ठरवा, मग विमानाचं तिकीट काढा. याच्या उलट करणाऱ्यांची एक रात्र वाया जाते. सी-प्लेनला सामानही साधारण २० किलोचं, वर ५ किलो हातातलं. विमान कंपनीने ३० किलो दिले म्हणून भरू नका.

हे सगळं भरल्यावर आपल्याकडची तीन रात्रींची क्रूझ आणि बऱ्यापैकी रिसॉर्टच्या तीन रात्री बऱ्याचदा जवळजवळ येतात. मालदीवचं खरं ऑल इन्क्लुझिव्ह कायम वर राहतं, पण तिथे एकदा पोचल्यावर पाकीट उघडावं लागत नाही. फ्रान्सच्या क्लब मेड या पर्यटन कंपनीने १९५०मध्ये ही पद्धत सुरू केली ती याच कल्पनेवर. दोघांनाही पेयांची आवड असेल आणि पाण्यातले खेळ करायचे असतील, तर तिथे पैसे वसूल होतात. निर्व्यसनी आणि पोहता न येणाऱ्या घराने त्या दराला जाऊ नये, एपी पुरे.

केबिन निवडताना

आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि सूट, असे चार प्रकार. आतली केबिन १२० ते १८० चौरस फुटांची असते, खिडकी नसते आणि सकाळ झाल्याचं घड्याळ बघूनच कळतं. झोपायला उत्तम, बसायला कोंदट. सप्टेंबर २०२१पासून मुंबईहून जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९०मधलं आहे. त्या काळच्या जहाजांवर बाल्कनी कमी आणि केबिन लहान, त्यामुळे परदेशातल्या नव्या जहाजांचे व्हिडिओ बघून तसल्या खोलीची अपेक्षा धरू नका.

जागा प्रकाराहून महत्त्वाची. जहाज सी-सॉसारखं हलतं: टोकं जास्त, मधला भाग कमी, वरचे मजले जास्त, खालचे कमी. बोट लागणाऱ्याने मधली आणि खालची केबिन घ्यावी, बाल्कनीचा मोह सोडून. मग डेकचा नकाशा उघडून वर आणि खाली काय आहे ते बघा. डोक्यावर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. पायाखाली नाट्यगृह असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. पुढच्या टोकाला खालच्या मजल्यावर नांगराच्या साखळीचा खडखडाट. वरखाली दोन्हीकडे केबिनच असलेला मजला सर्वांत शांत. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त असते, पण त्यात फक्त प्रकार मिळतो, जागा कंपनी ठरवते. दोन केबिन शेजारी हव्या असतील तर ती घेऊ नका.

जेवणाचं आधी लिहून द्या

मुंबईच्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. सिंगापूरहून जाणाऱ्या जहाजांवर आपल्याकडचे प्रवासी इतके असतात की भारतीय शाकाहारी पदार्थ असतातच. तरी बुकिंगमध्ये लेखी नोंद करा आणि पहिल्याच रात्री भोजनगृहाच्या मुख्य वाढप्याला भेटा. चतुर्थी किंवा एकादशी मधे येत असेल तर तेव्हाच सांगा. मोठ्या स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीची तयारी आदल्या रात्री होते. आयत्या वेळी सांगितलं तर उपवासाला केळी आणि दूध एवढंच मिळेल. मालदीवच्या रिसॉर्टला हे किमान दोन आठवडे आधी ईमेलने कळवा, कारण तिथे भाजीसुद्धा बेटावर बाहेरून येते.

घरचे लाडू, चिवडा? बंद पाकिटातला कोरडा खाऊ सहसा चालतो, घरी शिजवलेलं जहाजावर नेऊ देत नाहीत. विजेची किटली, इस्त्री, सुरी आणि ड्रोन दारावरच काढून घेतात. किटली आणि इस्त्रीच्या बाबतीत आगीची भीती हे कारण. समुद्रात अग्निशमन दल येत नाही. मालदीवला मद्य आणि डुकराचं मांस नेता येत नाही, आणि पूजेची मूर्तीही. पर्समध्ये छोटा गणपती ठेवायची सवय असेल तर या प्रवासापुरता तो देव्हाऱ्यातच राहू द्या.

कागदपत्रं

देशांतर्गत क्रूझला सरकारी फोटो ओळखपत्र लागतं, मूळ प्रत, मुलांचंही. वेब चेक-इन घरूनच उरका. परदेशी सफरीला पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. सिंगापूरहून जहाजाने निघून तिथेच परतणार असाल तर तुम्ही देश सोडून पुन्हा त्यात शिरता, म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. अनेकांच्या हे लक्षातच येत नाही. विमानाने आदल्या दिवशीच पोचा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही. मालदीवला भारतीयांना पोचल्यावर मोफत व्हिसा मिळतो, मात्र इमुगा हा ऑनलाइन अर्ज प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरावा लागतो. विमा घेताना समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचा; जहाजावरच्या डॉक्टरांचं बिल डॉलरमध्ये येतं.

निघायच्या दिवशी

टॅक्सीवाल्याला नुसतं ‘बोटीला जायचंय’ म्हणालात तर तो भाऊच्या धक्क्याला नाहीतर गेटवेला नेईल. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो सुटते. क्रूझचं टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, सीएसएमटीपासून टॅक्सीने दहा मिनिटांवर. ठाणे-मुलुंडकडून ईस्टर्न फ्रीवेने पी. डिमेलो रस्त्यावर उतरा. नवी मुंबईहून अटल सेतूने शिवडी आणि पुढे तोच फ्रीवे. अंधेरीकडच्यांना तीन नंबरच्या मेट्रोने थेट सीएसएमटीला येता येतं. बोर्डिंग पासवर दिलेली वेळ पाळा, कारण जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधीच चेक-इन बंद होतं.

मोठी बॅग तुमच्या हातून घेतली जाते आणि केबिनशी यायला काही तास लागतात. औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा. चढताच फोन एअरप्लेन मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचं रोमिंग साध्या पॅकमध्ये येत नाही. दोन मिनिटांचं बोलणंही महागात पडतं.

मग येतं मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याचा सराव. हे टाळू नका आणि मुलांनाही घेऊन जा. १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या जिलिओ बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हा चोवीस तासांत कधीही ती घेतली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला. आता सुटण्याआधी किंवा सुटताच ती व्हावीच लागते. आपलं जमण्याचं ठिकाण केबिनच्या दारामागे लिहिलेलं असतं. तिथपर्यंत एकदा जिन्याने चालून बघा, कारण संकटात लिफ्ट बंद असते.

जेवायला जाताना प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. जहाजावर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर नीट चालत नाही. बंदरावर उतरताना परतीची वेळ लिहून घ्या, जहाजाच्या घड्याळाची, गावाच्या नव्हे. कंपनीची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. स्वतः टॅक्सी करून गेलात तर थांबत नाही. आणि समुद्र खवळला म्हणून कप्तानाने एखादं बंदर वगळलं, तर त्या बंदराचं शुल्क तेवढं परत मिळतं, सुट्टीचे पैसे नाहीत. एकाच बंदरासाठी सफर घेणाऱ्याने याची तयारी ठेवावी.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला त्यात बांधून टाकणारे दर सफरीला निघतात. आधी ते बाजूला काढा, मग बॅग लावा. जहाजावर केलेल्या खर्चाचं बिल त्याच संध्याकाळी मागून बघा. सकाळी काउंटरवर रांग लागते आणि न घेतलेल्या पेयाचा वाद तेव्हा सुटत नाही. रविवारी उतरणार असाल तर लोकलचा मेगाब्लॉक बघा; साधारण अकरा ते चार हार्बर लाइनवर बॅगा घेऊन अडकण्यापेक्षा नऊलाच गाडी पकडलेली बरी.

परदेशी पॅकेज घेतलं असेल तर एजंटने घेतलेला टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा केलेला कर, पॅनवर जमा झाला का ते तपासा. तो खर्च नाही, आगाऊ भरलेला कर आहे, आणि विवरणपत्र भरताना वळता करून किंवा परत घेता येतो. मात्र पॅकेज ज्याच्या नावावर, टीसीएसही त्याच्याच पॅनवर. म्हणून कर भरणाऱ्या माणसाच्या नावानेच बुकिंग करा, निवृत्त वडिलांच्या नव्हे.